घरालगतची दगडी वाट : काळ्या जमिनीवरील घराचें रक्षण

घर सांभाळणें म्हणजे छप्पर सांभाळणें, अशी पुष्कळांची समजूत असते. कवेलू फुटलें तर गृहस्थ दुसऱ्या दिवशीं तें बदलतो. परंतु त्याच छपरावरून उतरलेलें पाणी भिंतीच्या पायाशीं जाऊन काय करतें, हें वाकून पाहणारे थोडे. ज्याचें घर काळ्या जमिनीवर आहे त्यानें तर हें अवश्य पाहिलें पाहिजे. भिंतीलगत चार फूट रुंदीची दगडी वाट घालणें हें वरवर पाहतां सोयीचें व शोभेचें काम दिसतें. चिखल तुडवावा लागत नाहीं, पोतीं कोरड्या पायांनीं आंत नेतां येतात, रात्रीं विंचूकांटा नजरेस पडतो. हे लाभ खरे. परंतु तिचें मुख्य कार्य निराळें आहे. ती घराच्या पायावरची छत्री आहे. ही गोष्ट ध्यानांत धरून वाट घातली तर ती घर राखते. न धरतां घातली तर तीच भिंतीस पाणी पाजते. म्हणून या कामाची रीत व तिच्यामागील कारणें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनीं गांवाचे दोन भाग मानिले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. महसुलाच्या जुन्या कागदांत हे शब्द जागोजाग आढळतात. वस्ती शक्य तों उंचवट्यावर, कठीण जागीं करावी व काळी नांगराखालीं ठेवावी, असा या विभागणींतील व्यवहार होता. आतां तो मोडत चालला आहे. नागपूरच्या आग्नेयेस असलेलें हुडकेश्वर हें याचें जवळचें उदाहरण. पूर्वी हें शेतीचें गांव होतें व त्याची स्वतःची ग्रामपंचायत होती. आज तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे. जेथें पीक उभें असे तेथें लेआऊट पडले आणि शेतजमीन अकृषिक होऊन तिच्यावर घरें उभीं राहिलीं. कागदावर जमिनीचा प्रकार बदलला. मातीची जात मात्र बदलली नाहीं.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास शिकवावयास नको. तिच्यांत माँटमोरिलोनाइट जातीच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात. हे कण पाणी आपल्या पदरांत घेऊन फुगतात व तें सोडतांना आकसतात. म्हणूनच वैशाखांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढांत त्या मिटतात. शेतांत हा गुणच आहे, कारण जमीन आपोआप उलथली जाते. घराखालीं मात्र तो दोष ठरतो.

भिंत कशानें तडकते

येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. माती ओली असणें किंवा कोरडी असणें, यांपैकीं कोणतीही स्थिति एकटी घरास फारशी बाधत नाहीं. बाधतो तो फरक. पावसाळ्यांत वळचणीखालची माती पाणी पिऊन फुगते, पण घराच्या मध्यभागाखालची माती छपराच्या आश्रयानें तशीच राहते. उन्हाळ्यांत उलट होतें. बाहेरची माती उन्हानें आकसते, आंतली ओलावा धरून राहते. अशा रीतीनें भिंतीचा पाया दरसाल एका बाजूनें उचलला जातो व पुन्हा खालीं सोडला जातो. दहा वर्षें हें चाललें म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. ती वैशाखांत रुंदावत असेल व भाद्रपदांत मिटत असेल, तर दोष गवंड्याचा नसून जमिनीचा आहे असें समजावें.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. घराची लांबी ३० फूट व एका बाजूस उतरणाऱ्या छपराचें आडवें माप १२ फूट धरलें, तर तें क्षेत्र ३६० चौरस फूट, म्हणजे सुमारें साडेतेहतीस चौरस मीटर झालें. एवढ्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेहतीस लिटर पाणी खालीं येतें. नागपूरकडे वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटरांच्या वरच असतो. तो १००० धरला तरी एका भिंतीच्या पायाशीं वर्षाकांठीं तेहतीस हजार लिटर पाणी पडतें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटें नागपुरांत चार तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. त्या चार तासांत वर सांगितलेल्या छपरावरून तीन हजार तीनशें लिटरांहून अधिक पाणी भिंतीलगत ओतलें गेलें असतें. तें पाणी चार फूट दूर नेऊन सोडणें, एवढेंच या वाटेचें काम आहे.

मातीची परीक्षा

आपली जमीन किती फुगणारी आहे हें घरच्या घरीं पाहतां येतें. भारतीय मानक संस्थेनें १९७७ सालीं जी रीत ठरवून दिली ती इतकी सोपी आहे कीं कोणीही करूं शकेल. माती वाळवून, कुटून, अगदीं बारीक चाळणीनें चाळून घ्यावी. दहा दहा ग्रॅमचे दोन भाग करावे. मापाच्या खुणा असलेल्या कांचेच्या दोन सारख्या उभ्या नळ्या घेऊन एकींत रॉकेल व दुसरींत स्वच्छ पाणी भरावें, प्रत्येकींत एक भाग टाकून ढवळावें आणि चोवीस तास निवांत ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं, म्हणून तें मूळ माप. पाण्यांतील मातीचा थर त्याच्या दीडपटीच्या आंत राहिला तर विशेष भय नाहीं. दीडपट ते दुप्पट झाल्यास सावध राहावें. दुपटीहून अधिक वाढल्यास माती धोक्याची समजावी. वाटेखालीं भरावयाचा मुरूमही याच रीतीनें तपासावा. मुरूम म्हणून गाडींतून पुष्कळदां काळी मिसळलेली माती येते, व मग रोग काढून रोगच भरल्यासारखें होतें.

जागेची आंखणी

कुदळ उचलण्यापूर्वी कागद पाहावा. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. वीतभर जागेसाठीं सुरू झालेलीं भांडणें दोन पिढ्या चाललेलीं त्यानें पाहिलीं आहेत. घरालगतची जागा आपली किती, हें आखीव पत्रिकेवरून किंवा सातबारा व नकाशा यांवरून ठरवावें. शंका असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. मोजणीची फी दाव्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. बांधकामाच्या नियमाप्रमाणें सोडावयाची मोकळी जागा तशीच ठेवावी आणि हद्दीपासून वीतभर अलीकडे थांबावें.

पाण्याविषयींही कायदा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालीं झाला, तेव्हांच तो आपल्या त्या वेळच्या मध्यप्रांतास लागू झाला होता. उंच जागेवरील पाऊस स्वाभाविकपणें खालच्या जागेंत वाहून जात असेल तर तो खालच्या धन्यानें जाऊं द्यावा, हें त्यांत मान्य आहे. परंतु आपल्या छपराचें पाणी गोळा करून शेजाऱ्याच्या अंगणांत सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाहीं. तशी वहिवाट उघडपणें, शांततेनें, हक्क म्हणून व अखंड वीस वर्षें चालली असली पाहिजे. म्हणून नव्या वाटेचा उतार शेजाऱ्याच्या भिंतीकडे कदापि देऊं नये. आपली भिंत वांचवितांना त्याची पाडणें हें न्यायाचें नाहीं, व शहाणपणाचेंही नाहीं.

वाटेची रुंदी वळचणीवरून ठरते. पागोळ्या जेथें पडतात त्याच्या बाहेर निदान एक फूट वाट गेली पाहिजे. वळचण दोन फुटांची असेल तर तीन फूट पुरे, चार फूट उत्तम. वाटेचा माथा जोत्याच्या माथ्याहून सहा इंच तरी खालीं असावा. नाहीं तर पागोळ्यांचे शिंतोडे भिंतींत ओल धरतात.

कामाची वेळ

हें काम भर उन्हाळ्यांत करण्याची चाल आहे, कारण तेव्हां हात मोकळे असतात. काळ्या जमिनींत मात्र ती वेळ वाईट. त्या वेळीं माती पूर्ण आकसलेली असते. तिच्यावर वाट बसविली कीं पहिल्या ओलाव्यासरशी ती खालून उचलली जाते. पावसाळ्यांत तर खणलेला चर डबकेंच होतो. दिवाळीनंतर, खरिपाची मळणी आटोपली म्हणजे, माती धड ओली नाहीं व धड कोरडी नाहीं अशा स्थितींत असते. ती वेळ धरावी.

खोदाई आणि भराव

३० फूट लांब व ४ फूट रुंद वाटेचा नमुना घेऊं. वरचा दगड ३ इंच, त्याखालीं रेती दीड इंच, त्याखालीं मुरूम १० इंच, मिळून साडेचौदा इंच. वाटेचा माथा भिंतीलगत जमिनीपासून ४ इंच व बाहेरच्या कडेस अडीच इंच उंच ठेवावयाचा. म्हणजे भिंतीलगत साडेदहा इंच व बाहेरच्या कडेस बारा इंच खणावें लागेल. यावरून ध्यानांत येईल कीं, चार फुटांत दीड इंचाचा उतार वरतींच नव्हे तर चराच्या तळासही आहे. या कामाचें मर्म येथेंच आहे. तळ सपाट ठेवला किंवा भिंतीकडे झुकला, तर सांध्यांतून झिरपलेलें पाणी तेथेंच सांठतें, आणि भिंतीच्या पायाशीं आपण स्वहस्तें हौद बांधल्याप्रमाणें होतें.

मातीच्या जुन्या भिंतींचा पाया पुष्कळदां उथळ असतो. तो किती खोल आहे हें एके ठिकाणीं उकरून पाहावें व त्याच्या तळाखालीं कधींही खणूं नये. सगळी लांबी एकदम न उघडतां पांच-सहा फुटांचा तुकडा खणावा, भरावा, मग पुढचा घ्यावा. निघालेली काळी माती घराभोंवतीं पसरूं नये. ती शेतांत न्यावी.

कांहीं लोक चरांत मोठे गोटे टाकून वर रेती ओततात. दगडगोटे भक्कम दिसतात, पण त्यांच्या फटींतून पाणी थेट काळीवर जातें. येथें मुरूमच पाहिजे. मूठभर ओलसर मुरूम दाबला असतां गोळा बनावा, परंतु हातास चिकटूं नये. तो चार चार इंचांच्या थरांनीं भरावा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडावें व धुमसानें इतका चोपावा कीं टांच रुतूं नये. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीवर पुष्कळ संशोधन केलें. काळीवर न फुगणाऱ्या पण घट्ट धरून बसणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसविल्यास खालची फूग आवरली जाते, असें त्यांनीं दाखविलें, व काळ्या जमिनींतील कालव्यांच्या अस्तरासाठीं ही रीत उपयोगांत आली. आपला दहा इंचांचा थर तेवढा जाड नाहीं. म्हणून त्याच्या बळावर सर्वस्वीं न विसंबतां पाणीच खालीं जाऊं देऊं नये.

यासाठीं हल्लीं एक सोपें साधन मिळतें. शेततळ्यास अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद पुष्कळांच्या घरीं उरलेला असतो. मुरुमाच्या चोपलेल्या थरावर तो एकसंध पसरावा, भिंतीच्या बाजूस चार बोटें वर वळवावा आणि बाहेरच्या कडेस नालीपर्यंत न्यावा. मुरुमाचे टोंकदार खडे आधीं वेंचून घ्यावे, नाहीं तर कागद फाटतो. मग त्यावर दीड इंच जाड रेती पसरावी. रेतींत शिरलेलें पाणी कागदावरून घसरत नालींत जातें. कांठाचे दगड लावतांना तळाशीं थोड्या थोड्या अंतरावर बोटभर फटी ठेवाव्या, म्हणजे त्याचा मार्ग अडत नाहीं.

या नमुन्यास लागणारें सामान असें. चोपलेला मुरूम १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. सुटा आणतांना सव्वा ते दीड ब्रास धरावा. रेती सांध्यांसह सुमारें २० घनफूट. दगड १२० चौरस फूट व तूटफूट धरून १३२. कागद निदान १५० चौरस फूट.

दगड आणि त्याची बसवणी

नागपूरच्या पश्चिमेकडील काळा दगड टणक व टिकाऊ असतो. कामठीकडचा वालुकाश्म घडण्यास सोपा पण मऊ. कर्नाटकांतील शहाबादची फरशी सपाट व एकसारखी मिळते. मात्र ती पातळ असल्यानें जड ओझ्याखालीं फुटते, म्हणून जाडी पाहून घ्यावी. ती घेतल्यास दगड जितका पातळ तितका मुरूम अधिक भरावा. कोणताही दगड असो, वरची बाजू किंचित् खडबडीत ठेवावी. गुळगुळीत दगडावर श्रावणांत शेवाळ धरतें व म्हातारीं माणसें घसरतात.

प्रथम बाहेरच्या कडेस नऊ इंच खोलीचे उभे दगड दोरीनें सरळ बसवावे. तेच सगळी वाट आवरून धरतात. नंतर दोन्ही टोंकांस खुंट्या ठोकून उताराची दोरी बांधावी व पाणसळ लावून ताडून पाहावी. मोठे दगड भिंतीच्या व कांठाच्या ओळींत, लहान मध्यें ठेवावे. चार दगडांचे कोपरे एका बिंदूंत येऊं देऊं नयेत. प्रत्येक दगड लाकडी मोगरीनें ठोकून बसवावा व चारही कोपऱ्यांवर पाय देऊन पाहावा. हलत असेल तर खालीं कपची न सारतां दगड उचलून रेती कमीजास्त करावी. कपचीवर बसलेला दगड पहिल्याच ओझ्यानें फुटतो. सांधे अर्ध्या इंचाहून मोठे नसावे. त्यांत चुना व बारीक रेती यांचें कोरडें मिश्रण भरून वरून थोडें पाणी शिंपावें.

वाट व भिंत मात्र सिमेंटनें जोडूं नयेत. वाट उचलली गेली तर ती भिंतीस ओढील. दोहोंमध्यें अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबर व रेती यांनीं भरावी. पाणी अडतें आणि दोघांसही आपापली हालचाल करतां येते. काँक्रीटच्या अखंड पाटीपेक्षां दगडी वाट काळ्या जमिनींत बरी ठरते, तें याच कारणानें. पाटी तडकली कीं भेग कायम राहते. दगड उंचसखल झाला तर दोन माणसें अर्ध्या दिवसांत तो उचलून पुन्हा बसवितात.

पाणी शेवटीं कोठें जातें

वाटेच्या बाहेरच्या अंगास नऊ इंच रुंदीची बांधीव नाली असावी व तिला दर दहा फुटांस एक इंच उतार द्यावा. तीस फुटांत तीन इंच होतात. तें पाणी शेतांत किंवा घरापासून पंचवीस फूट तरी दूर असलेल्या शोषखड्ड्यांत न्यावें. पाणी जमिनींत मुरवणें हें पुण्याचेंच काम आहे. पण काळ्या जमिनींत तें भिंतीशेजारीं करूं नये. न्हाणीचें पाणी व गोठ्याचें मूत्र निराळ्या मार्गानें बाहेर काढावें. वाटेलगत फुलझाडांचे वाफे करून रोज पाणी घालणें टाळावें. कडूनिंब, पिंपळ असे मोठे वृक्ष भिंतीजवळ लावूं नयेत. त्यांचीं मुळें उन्हाळ्यांत पायाखालचा ओलावा शोषून घेतात.

स्कॉटलंडचा रस्तेबांधणीकार मॅकॅडॅम (१७५६–१८३६), ज्याच्या नांवानें खडीचे रस्ते ओळखले जातात, त्याचा मुख्य सिद्धांत हाच होता. भार शेवटीं मूळ जमीनच वाहते, दगड वाहत नाहींत. म्हणून दगडांनीं जमिनीस कोरडें ठेवावें. आपली चार फुटांची वाट हें त्याच नियमाचें लहान रूप आहे.

निगा

दरवर्षीं मृगापूर्वी सांधे पाहावे, उघडे पडले असतील ते भरावे व नाली झाडून काढावी. पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन वाटेवरून एक फेरी मारावी. पाणी जेथें थबकलेलें दिसेल तेथें खूण करावी व दिवाळीनंतर तेवढेच दगड उचलून पुन्हा बसवावे. भिंतीच्या जुन्या भेगेवर दोन्ही टोंकांस पेन्सिलीनें रेघ काढून तारीख लिहून ठेवावी. वाट घातल्यावर दोन पावसाळ्यांत भेग पुढें सरकली नाहीं, तर उपाय लागू पडला असें समजावें. सरकत राहिली, तर दोष खोल आहे. मग जाणत्या अभियंत्यास पाया दाखविण्यास विलंब करूं नये. घरालगतच्या वाटेनें बुडालेला पाया वर येत नाहीं.

तथापि जीं घरें अद्याप धड आहेत त्यांच्यासाठीं एवढ्या थोड्या खर्चांत एवढें रक्षण देणारें दुसरें काम क्वचितच असेल. शेताच्या बांधावर पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें आपण मुलांस लहानपणापासून दाखवितों. तेंच डोळे घराच्या भिंतीपाशींही लावावे, व येत्या दिवाळीनंतर ज्यांस सवड असेल त्यांनीं निदान वळचणीच्या एका बाजूस हें काम करून पाहावें, अशी वाचक बंधूंस विनंति आहे.